वेबसाइट आहे, पण हवी ती माहिती सापडत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या होमस्टेवाल्यांनी आणि आंबा बागायतदारांनी आता ऑनलाइन यायलाच पाहिजे असा लेख आला होता. वाचला, पटलाही, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट राहिली असं वाटलं म्हणून हे पत्र लिहितोय. आमच्या देवगड-मालवण भागात आता वेबसाइट बऱ्याच जणांच्या झाल्यात. कोणाला भाच्याने करून दिली, कोणी शहरातल्या माणसाला पैसे देऊन करून घेतली. अडचण पुढे आहे. साइटवर माहिती अशी काही टाकलेली असते की गिऱ्हाईक येतं, दोन-चार ठिकाणी बोट लावून बघतं, हवं ते मिळत नाही म्हणून निघून जातं, आणि मालक म्हणतो इंटरनेटवर आपला धंदा होत नाही.

मी देवगड तालुक्यात कॉम्प्युटरचं काम करतो, फॉर्म भरणं, प्रिंट, डीटीपी असं सगळं, आणि त्यातूनच आजूबाजूच्या लोकांच्या साइट बघून द्यायचं काम माझ्याकडे येत गेलं. त्यामुळे मी जे लिहितोय ते रोज डोळ्यासमोर असतं म्हणून लिहितोय.

आंबेवाल्याची साइट उघडा. वर मोठे सरकते फोटो, खाली आमच्याविषयी, त्यात आजोबांनी बाग कधी लावली, मग सत्काराचे फोटो, मग आमचं ध्येय, मग उत्पादनं, गॅलरी आणि शेवटी संपर्क. होमस्टेची उघडा, तीच रांग. बोटवाल्याची उघडा, परत तीच. साइट बनवणाऱ्याकडे एक तयार साचा असतो आणि त्यात जो येईल त्याचं नाव भरलं जातं. पेटीचा भाव काय, पेटी किती डझनाची, पुण्याला पोचायला किती दिवस लागतात, आंबा खराब निघाला तर काय, हे कुठेच नसतं किंवा असलंच तर गॅलरीतल्या एखाद्या पोस्टरवर बारीक अक्षरात. आजोबांनी कातळावर सुरुंग लावून खड्डे केले आणि माती वाहून आणून कलमं जगवली ही गोष्ट सांगायलाच हवी, त्यात अभिमान आहे आणि गिऱ्हाईकालाही ती आवडते, पण भाव कळल्यावर आणि विश्वास बसायला लागल्यावर. आधी नाही.

आपण आंबा उतरवला की ढिगाने विकत नाही, वजनाप्रमाणे निवडतो, डागी बाजूला काढतो, मग पेटी भरतो. माहितीलाही एवढीच निवड लागते आणि ती मालकाच्या डोक्यातल्या क्रमाने नाही तर घेणाऱ्याच्या प्रश्नांच्या क्रमाने करावी लागते, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी रंग कुठला, फॉन्ट कुठला, फोटो सरकतो का नाही, हे सगळं नंतरचं.

प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही, ते रोज फोनवर येतात. मार्च लागला की बागायतदाराचा फोन वाजायला लागतो आणि मी बसून ऐकलंय, विचारणारे वेगळे असले तरी प्रश्न फिरून फिरून तेच. आंबो सुरू झालो काय? पेटी केवढ्याक? पाच डझनी का सहा डझनी? कच्चा पाठवणार का तयार? पिकवायला काही मारलंय का? खरा देवगडच कशावरून? ठाण्याला कोण आणून देणार? आणि साका, म्हणजे आतला गर पांढरट नि खराब, निघाला तर पैसे परत का? झालं, एवढेच. या प्रश्नांच्या उत्तरांनीच साइट भरली पाहिजे आणि पहिल्या पानावर, बोट दोनदा सरकवलं की संपेल एवढ्या जागेत ती उत्तरं मिळाली पाहिजेत. फोनजवळ एक वही ठेवा आणि सीझनभर गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दात लिहा, असं मी सगळ्यांना सांगतो. ज्यांनी ठेवली त्यांच्या साइटचा आराखडा वहीतूनच निघाला, वेगळं डोकं चालवावं लागलं नाही.

होमस्टेची वही वेगळी असते. समुद्र चालत किती, गाडी लावायला जागा आहे का, ड्रायव्हरची सोय काय, जेवण घरचं का, शाकाहारी वेगळं करता का, आईला जिना चढवत नाही खाली खोली मिळेल का, कमोड आहे का, पाणी आणि लाइट जाते का. आता यातलं कमोड आणि खालची खोली हे मी शंभरातल्या एका साइटवरही लिहिलेलं बघितलेलं नाही असं म्हटलं तरी चालेल, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाचं येणं-न येणं तर त्याच्यावरच ठरतं. खोलीच्या फोटोखाली एक ओळ लिहायची असते हो, तळमजला, कमोड आहे, पायऱ्या तीन. बस.

'खरा देवगडच कशावरून' याचं उत्तर कुठे ठेवायचं याबद्दल थोडं. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये जीआय, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल असं भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी, आणि ज्या बागायतदारांनी त्यात नोंदणी केली त्यांच्याकडे त्याचं सर्टिफिकेट आहे. परराज्यातला आंबा हापूस म्हणून खपवला जातो ही आपली जुनी तक्रार, तर त्यावरचं एवढं मोठं शस्त्र हातात आहे आणि ते साइटवर कुठे असतं, तर 'प्रमाणपत्रे' नावाच्या पानावर, जिथे फूड लायसन्स, उद्यमची नोंदणी आणि कसल्याशा स्पर्धेतलं प्रशस्तिपत्रक सगळं स्कॅन करून एकाखाली एक लावलेलं असतं. गिऱ्हाईकाला शंका येते ती भाव बघताना. मग जीआयचा नंबर भावाच्या शेजारी पाहिजे ना, तिथे त्याचा उपयोग आहे.

वहीतून प्रश्न निघाले की दुसरं काम चिठ्ठ्यांचं. साइटवर जे जे सांगायचंय ते एकेक चिठ्ठीवर लिहायचं, खोलीचं भाडं, जेवणाचे दर, किल्ल्याची बोट, गाडीची जागा, रद्द केलं तर काय, असं सगळं, आणि चार-पाच बाहेरच्या माणसांना एकेकट्याने बसवून सांगायचं की तुम्हाला जे एकत्र असावं वाटतं ते एकत्र ठेवा आणि त्या गठ्ठ्याला नाव द्या. साइट बनवणारे याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात, मोठ्या कंपन्याही हेच करतात, खर्च काही नाही. फक्त घरातली माणसं बसवू नका, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. मुंबईहून आलेले पाहुणे, चाकरमानी, शाळेतले नव्याने बदलून आलेले गुरुजी, असे. मालक किल्ल्याच्या बोटीची चिठ्ठी 'आमच्या सेवा' मध्ये टाकतो आणि पाहुणा ती 'इथे आल्यावर काय बघायचं' मध्ये टाकतो. मालक जेवण वेगळं ठेवतो आणि पाहुणा ते खोलीच्या भाड्याला चिकटवतो कारण त्याला दोघांचा मिळून खर्च किती हे बघायचं असतं. चिठ्ठ्यांवर भांडण होत नाही, दिसतं सरळ.

माहिती लावायची तरी किती प्रकारे, तर रिचर्ड सॉल वर्मन म्हणून एक अमेरिकन आर्किटेक्ट आहेत, माहितीची रचना हा विषयच त्यांनी पुढे आणला, त्यांचं म्हणणं की मार्ग फक्त पाच आहेत. जागेप्रमाणे, अक्षराप्रमाणे, काळाप्रमाणे, प्रकाराप्रमाणे किंवा कमी-जास्त अशा चढत्या-उतरत्या क्रमाने. मला हे वाचल्यावर आपल्याकडच्या साइट एकदम समजल्या. आपण सगळं प्रकाराप्रमाणे लावतो, उत्पादनं, सेवा, गॅलरी, आणि कोकणात तर गिऱ्हाईकाचे निम्मे प्रश्न काळाचे असतात आणि उरलेल्यातले बरेच जागेचे.

काळाचं बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याची मालवणहून जाणारी बोट पावसाळ्यात बंद असते, तारकर्लीचं स्कुबाही बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीला बंदी. आणि साइटवर बाराही महिने तोच निळा समुद्र, तोच स्कुबाचा फोटो, तोच ताज्या सुरमईचा. जुलैत शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली म्हणून लोक पोरांना घेऊन येतात आणि जेटीवर येऊन कळतं की बोट नाही. मग राग होमस्टेवाल्यावर निघतो, गुगलवर एक स्टार. त्यात फसवणूक कोणी केलेली नसते, फक्त 'कोणत्या महिन्यात काय मिळेल' असं एक पान नसतं. ते करायला काय लागतं? फेब्रुवारी-मार्चला हवा कशी, एप्रिल-मेमध्ये आंबा, काजू, कोकम आणि गर्दी, जून ते ऑगस्ट बोटी बंद पण धबधबे, शेती आणि निवांतपणा, गणपतीत घरात पाहुणे असल्यामुळे खोल्या देतो का नाही, असं प्रामाणिक लिहायचं. पावसाळ्यातच यायला आवडणारी माणसंही असतात आणि ती अशा पानामुळेच येतात.

आंगणेवाडीच्या जत्रेचं तर अजून वेगळं, तिथल्या भराडी देवीची ही जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, तारीख दरवर्षी नव्याने ठरते आणि ती कळली की आसपासच्या खोल्या पटापट भरतात. जत्रेची माहिती साइटवर टाकणारे आहेत पण तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची. अशा पानावर 'ही माहिती अमुक तारखेला तपासली' एवढी ओळ असली तरी वाचणारा सावध होतो.

आता जागा. 'कसे याल' हे पान सगळ्यांकडे असतं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्यावरच. देवगडात रेल्वे येत नाही हे मुंबईच्या नव्या माणसाला माहीत नसतं, त्याला कणकवलीला उतरायचं का नांदगावला, कुठली गाडी कुठे थांबते, पुढे एसटी का रिक्षा, आणि रात्री उतरलो तर काय, हे हवं असतं. पानावर काय असतं, जवळचं स्टेशन कणकवली, जवळचा विमानतळ गोव्यातला दाबोळी. आपल्याच जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, गोव्यातल्या मोपावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतायत, तरी दाबोळीच. चिपीच्या विमानांचं वेळापत्रक बदलत राहिलंय हे खरं, म्हणून तर ते लिहून ठेवून विसरायचं नाही. कोल्हापूरकडून येणाऱ्यांसाठी गगनबावड्यावरून उतरणारा करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी बंद होता, तेव्हाही साइटवर गगनबावड्यावरूनच या असं लिहिलेलं मी पाहिलंय. घाटाच्या तोंडाशी येऊन परत फिरलेल्या गाडीतल्या माणसाने आपल्या होमस्टेबद्दल काय बोललं असेल.

जागेचाच अजून एक मुद्दा. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात आपले विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. लोक आता किल्ल्याचं नाव टाकून राहायची जागा शोधणार. आणि विजयदुर्गाच्या पायथ्याशी ज्याच्या खोल्या आहेत त्याच्या साइटवर विजयदुर्ग हा शब्द फक्त फोटोच्या आत रंगीत अक्षरात लिहिलेला असेल तर गुगलला तो धड कळणार कसा? फोटोतल्या अक्षरांच्या भरवशावर शोधात येता येत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं मोबाइलवरून साइट वाचून घेतात, त्यांनाही फोटोतला मजकूर धड ऐकू येत नाही.

हे फोटोतल्या मजकुराचं खूळ आलं कुठून तेही सांगतो. आपल्याकडे पत्रकं, फ्लेक्स सगळं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होत आलं, तो मजकूर उचलून साइटवर टाकला की काहीतरी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात, मग साइट बनवणारा पोरगा सोपा मार्ग काढतो, फ्लेक्सचाच फोटो टाकतो. मोबाइलवर तो बोटांनी मोठा करून वाचावा लागतो. आणि गुगल तर आता साइट मोजतं ती मोबाइलवर जशी दिसते तशी, २०१६ मध्ये त्यांनी हा बदल जाहीर केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचं सांगितलं. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, परत टाइप करून घ्या, एक दिवसाचं काम असतं, आमच्यासारखे कोणीही करून देतील.

भावाबद्दल मात्र मला जरा जोर देऊन सांगायचंय. भाव एकाच जागी लिहा. पहिल्या पानावर एक भाव, उत्पादनांच्या पानावर दुसरा, डाउनलोड करायच्या पत्रकात मागच्या वर्षीचा आणि व्हॉट्सअॅपच्या कॅटलॉगमध्ये चौथाच, असं असलं की गिऱ्हाईकाला वाटतं माणूस बघून भाव सांगतात. आंब्याचा भाव सीझनमध्ये दर आठवड्याला उतरतो, चार ठिकाणी कोण बदलत बसणार, एखादं राहतंच. म्हणून भावाचं पान एकच, त्याच्यावर तारीख, आणि बाकी सगळीकडून त्या पानाची लिंक. भाव लिहायलाच नको, फोन करू द्या, असं काहीजण म्हणतात, त्यांना मी एवढंच विचारतो की तुम्ही स्वतः मोबाइलवर वस्तू बघता तेव्हा किंमत लिहिलेली नसेल तर फोन करता का?

आणि मोठ्या बुकिंग कंपन्या आपल्याकडून कमिशन का घेऊ शकतात याचंही कारण मला तरी यातच दिसतं. त्यांच्याकडे खोली आपलीच, मासे आपल्याच चुलीवरचे, समुद्र आपलाच. त्यांनी केलं काय, तर भाडं, तारीख, फोटो, नकाशा, रद्द करायचे नियम हे सगळं प्रत्येक जागेसाठी त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने मांडलं. पाहुण्याला आपलं नाव ठाऊक असतं, तो आधी आपली साइट उघडतो, तिथे दोन मिनिटं चाचपडतो आणि मग तिकडे जाऊन आपलीच खोली बुक करतो. प्रत्येक अशा बुकिंगमागे आपल्या खिशातून पैसे जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे थांबवणं आपल्या हातातलं आहे.

जे साइटवरून ऑर्डर घेतात त्यांच्यासाठी कायद्याचंही आहे. केंद्राचे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २३ जुलै २०२० ला आले. धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, फोन, ईमेल, तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव, सगळे खर्च धरून एकूण किंमत, माल परत घेण्याचे आणि पैसे परत देण्याचे नियम, हे साइटवर ठळक दिसलं पाहिजे. तक्रार आली की ४८ तासात पोच द्यायची आणि महिनाभरात निकाली काढायची. खाण्याच्या वस्तूला फूड लायसन्सचा नंबर तर हवाच. कोकम सरबत, काजू, आंबापोळी विकणाऱ्या आमच्या बायकांच्या बऱ्याच साइटवर यातलं निम्मं नसतं, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. नाव-पत्ता-तक्रार हे प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवा आणि परत घेण्याचे नियम पैसे भरायच्या बटणाच्या वर. साका निघाला तर फोटो पाठवा, बदली आंबे देऊ किंवा पैसे देऊ, जे काय देणार असाल ते तिथेच एका वाक्यात.

बाकी बारीकसारीक. मेनूत सहा-सात नावांपेक्षा जास्त नको. पानाचं नाव बदललं तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप जाईल असं करून घ्या कारण जुनी लिंक कुठल्या कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असते. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आणि पासवर्ड मालकाच्या नावावर पाहिजेत, साइट बनवणाऱ्याच्या नाही, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांना साधा फोन नंबर बदलायला शहरातल्या माणसाच्या हातापाया पडावं लागतं आणि तो माणूस फोन उचलत नाही. ज्याला स्वतः बदलता येत नाही त्याची माहिती ताजी राहणार कशी?

संपादक साहेब, आपल्याकडे उद्योजकांची शिबिरं होतात, पर्यटनाची होतात, बचत गटांची होतात, त्यात वेबसाइट कशी काढायची, रील कशी बनवायची हे शिकवतात. वही आणि चिठ्ठ्यांचं कोणी शिकवत नाही. त्याला कॉम्प्युटरही लागत नाही, एक दुपार आणि दहा रुपयांचे कागद लागतात. शिबिर घेणाऱ्यांनी एक सत्र यासाठी ठेवावं अशी माझी आपल्या पेपरमधून विनंती आहे. दिवाळीनंतर पाहुण्यांची चौकशी वाढते आणि झाडांना मोहोर यायला लागला की बागायतदाराला मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे गणपती ते दिवाळी हाच काळ या कामाला बरा. आपल्या पुरवणीत त्या सुमाराला एखाद-दुसऱ्या होमस्टेची किंवा बागायतदाराची साइट त्यांच्या परवानगीने घेऊन आधी कशी होती आणि नंतर कशी लावली हे शेजारी शेजारी छापता आलं तर बघा, लागेल ती मदत करायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग